ठराव झाला, मग काम का होत नाही?
नगरपरिषदेचा रोजचा कारभार समजून घेऊया



संसदेचं अधिवेशन आपण टीव्हीवर बघतो. विधानसभेत कोण काय बोललं, हे संध्याकाळपर्यंत आपल्या मोबाईलवर येतं. पण नळाला पाणी दिवसाआड येणार की रोज, घंटागाडी आपल्या गल्लीत वळणार की चौकातूनच परत जाणार, बाजारात भाजीवाल्यांनी कुठे बसायचं, हे ज्या सभेत ठरतं ती सभा कुठल्याच वाहिनीवर दिसत नाही. ती आपल्याच गावात, बसस्टँडपासून दहा मिनिटांवरच्या इमारतीत भरते. तिथे काय चालतं हे मात्र गावातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

आज आपण लहान शहराची नगरपरिषद रोज नेमकं काय करते ते बघणार आहोत. उदाहरण महाराष्ट्राचं घेऊ, कारण प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे आणि सगळे एकाच वेळी सांगितले तर गोंधळ होईल. महाराष्ट्राबाहेरून ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांनी नावं बदलून घ्यावीत, सांगाडा साधारण तोच आहे. मध्य प्रदेशात 'नगर पालिका परिषद' असते, तिथे नगरसेवकाला 'पार्षद' म्हणतात आणि मुख्याधिकाऱ्याला 'मुख्य नगर पालिका अधिकारी'. गुजरातेत 'नगरपालिका' आणि 'चीफ ऑफिसर'. कर्नाटकात निपाणीला 'नगरसभे' आहे, खानापूरला 'पट्टण पंचायत'. गोव्यात म्हापसा-मडगावला नगरपालिका. महाराष्ट्राचा कायदा १९६५ चा, मध्य प्रदेशाचा १९६१ चा, गुजरातचा १९६३ चा, कर्नाटकाचा १९६४ चा, गोव्याचा १९६८ चा. या सगळ्यांच्या डोक्यावर ७४ वी घटनादुरुस्ती आहे, जी १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली.

आजच्या भागातून एक गोष्ट मला तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. ठराव आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये काही पायऱ्या असतात आणि बहुतेक विषय याच पायऱ्यांवर अडकतात. आपला विषय कुठल्या पायरीवर अडकला आहे हे ज्याला कळतं, त्याला कोणाला काय विचारायचं तेही कळतं. ज्याला कळत नाही, तो पाच वर्षं नगरसेवकाच्या घरी खेपा घालत राहतो.

कोण काय करतं?

आधी माणसं ओळखून घेऊ.

लोकांनी निवडून दिलेले ते नगरसेवक. कायद्यात त्यांना 'परिषद सदस्य' म्हणतात. महाराष्ट्रात नगरपरिषदेच्या बहुतेक प्रभागांत दोन नगरसेवक असतात. त्यामुळे २०२५ च्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना तीन मतं द्यायची होती: दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षांना. नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायचा की नगरसेवकांमधून, हे महाराष्ट्रात वारंवार बदललं आहे. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. याशिवाय काही 'स्वीकृत' सदस्य असतात. ते सभेत बोलू शकतात, पण घटनेनेच त्यांना मतदानाचा अधिकार दिलेला नाही.

दुसरी बाजू प्रशासनाची. तिचे प्रमुख मुख्याधिकारी. त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं आणि बदलीही तेच करतं. त्यांच्या हाताखाली लेखापाल, अभियंता, कर निरीक्षक, आरोग्य किंवा स्वच्छता निरीक्षक, पाणीपुरवठ्याची माणसं, मुकादम आणि सफाई कामगार.

ढोबळ मानाने असं समजा: काय करायचं ते परिषद ठरवते, कसं करायचं ते मुख्याधिकारी बघतात. पैसे कोणत्या नियमाने खर्च करायचे हे दोघांच्याही हातात पूर्णपणे नसतं, ते सरकारच्या नियमांनी बांधलेलं असतं. या दोघांवर जिल्हाधिकाऱ्यांची नजर असते. परिषदेचा एखादा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. राजकारणात हरलेला गट या कलमाचा आधार घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेतो, ही बातमी तुम्ही स्थानिक पानावर अनेकदा वाचली असेल.

विषयपत्रिका वाचायला शिका

कायद्याप्रमाणे दर दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते. तातडीचं काम असेल तर विशेष सभा बोलावतात, तिला तीन दिवसांची नोटीस पुरते. एक चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केली तरी विशेष सभा बोलवावी लागते.

नोटिशीबरोबर जी यादी येते ती विषयपत्रिका. एका साध्या सभेची विषयपत्रिका साधारण अशी दिसते. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मग अमुक प्रभागात पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या अंदाजपत्रकास मंजुरी. जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी आणि ब्लीचिंग पावडर खरेदी. घनकचरा संकलनाच्या ठेक्याला मुदतवाढ. व्यापारी संकुलातल्या गाळ्यांचा लिलाव. मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण. पाइपलाइन फुटली तेव्हा तातडीने केलेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी. एखाद्या चौकाला नाव देणे. आणि सगळ्यात शेवटी: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'.

तीन शब्दांवर बोट ठेवून वाचायची सवय लावा.

पहिला 'मुदतवाढ'. ठेका संपला आहे आणि नवीन निविदा वेळेत काढलेली नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. एकदा मुदतवाढ समजण्यासारखी आहे. तोच ठेका तिसऱ्यांदा मुदतवाढीला आला, तर विचारायला हवं.

दुसरा 'कार्योत्तर'. म्हणजे काम आधी झालं, मंजुरी नंतर. पाइप फुटल्यावर सभेची वाट बघत बसता येत नाही, म्हणून कायद्याने ही सोय ठेवली आहे. पण सजावट, मंडप, छपाई असले खर्चही कार्योत्तर येऊ लागले, तर सोयीचा गैरवापर होतो आहे.

तिसरा 'ऐनवेळचे विषय'. जे विषय सात दिवस आधी कोणाला कळले नाहीत, ते शेवटच्या दहा मिनिटांत येतात. नगरसेवकालाच कागद वाचायला मिळत नाही, तिथे नागरिकाला काय मिळणार?

आता हे ऐका. कलम ८१ प्रमाणे ही सभा लोकांसाठी खुली असते. गुप्तता ठेवायची असेल तर कारण इतिवृत्तात नोंदवावं लागतं. तुम्हाला सभेत बोलता येत नाही, अध्यक्ष गरज वाटली तर बाहेर जायलाही सांगू शकतात, पण मागे बसून ऐकण्याचा हक्क आहे. आपल्यापैकी कितीजण आजवर एकदा तरी गेले आहेत?

एका गटाराचा प्रवास

आता पायऱ्या बघू. समजा, तुमच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि तुम्हाला बंदिस्त गटार हवं आहे.

पहिली पायरी अर्ज. तो आवक-जावक टेबलावर द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नगरसेवकाला तोंडी सांगणं, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणं, हे सगळं करा, पण कार्यालयाच्या दृष्टीने आवक क्रमांक नसलेली तक्रार जन्मालाच आलेली नसते.

दुसरी पायरी पाहणी. अभियंता येऊन बघतो. इथे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. रस्ता कोणाच्या मालकीचा? तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तर नगरपरिषद त्याला परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. आणि पाणी जाणार कुठे? गटार बांधणं सोपं आहे, त्याला उतार देऊन पाणी नाल्यापर्यंत नेणं अवघड आहे. मधे कोणाची खाजगी जागा आली की विषय तिथेच थांबतो. निम्म्या गल्लीत बांधलेली आणि शेवटी भिंतीला जाऊन टेकलेली गटारं तुम्ही पाहिली असतील. ती या प्रश्नाचं उत्तर न शोधता बांधलेली असतात.

तिसरी पायरी अंदाजपत्रक. सरकारी दरसूचीप्रमाणे किती खोदाई, किती काँक्रीट, किती पाइप याचा हिशेब होतो आणि अधिकार असलेला अभियंता तांत्रिक मंजुरी देतो.

चौथी पायरी तरतूद. या कामासाठी परिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली आहेत? दरवर्षी एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी साधारण फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होते. तुमचं गटार त्यात बसलं नसेल, तर वर्षभर अर्ज फिरत राहील. गटार हवं असेल तर अर्ज पावसाळ्यात देऊन थांबू नका, दिवाळीनंतर त्याचा पाठपुरावा करा. तेव्हा पुढच्या वर्षाचे आकडे जुळवायला सुरुवात होत असते.

पाचवी पायरी ठराव. विषय बांधकाम समितीत, स्थायी समितीत किंवा सर्वसाधारण सभेत येतो. एक सूचक, एक अनुमोदक, चर्चा, मंजुरी. प्रशासकीय मंजुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी प्रभागात फलक लागतो: 'आपल्या कार्यसम्राट नगरसेवकांच्या प्रयत्नांना यश'. लोकांना वाटतं काम झालं. खरं तर आता अर्धा रस्ता संपला आहे.

सहावी पायरी निविदा. ठरावीक रकमेवरच्या कामांसाठी ती ऑनलाइन काढावी लागते. कोणी भरलीच नाही तर पुन्हा काढायची. कोणी फारच कमी दराने भरली, तर तो काम कसं करणार हा प्रश्न उरतोच.

सातवी पायरी कार्यादेश. ठेकेदाराला लेखी आदेश मिळतो, त्यात काम पूर्ण करायची मुदत असते.

आठवी पायरी मोजमाप. अभियंता प्रत्यक्ष झालेलं काम मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहितो. ठेकेदाराचं बिल याच पुस्तिकेवरून निघतं. अंदाजपत्रकात गटार अमुक मीटर आणि जागेवर त्याहून कमी, तर तफावत इथे सापडते. आणि बिल निघाल्यावरही संपत नाही. दोषदायित्व कालावधी म्हणून काही काळ ठेकेदाराची जबाबदारी राहते आणि त्याची सुरक्षा ठेव परिषदेकडे असते. या काळात गटार खचलं तर ते त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. बहुतेक नागरिकांना हा कालावधी माहीत नसतो. मग दुरुस्तीसाठी नवा अर्ज, नवा ठराव आणि नवा खर्च.

तुमचं काम यातल्या कुठल्या पायरीवर आहे? हा एक प्रश्न विचारला, की 'बघतो, करतो, साहेब रजेवर आहेत' ही उत्तरं देणं समोरच्याला अवघड जातं.

महाडचा ठराव

ठराव आणि काम यांतलं अंतर फक्त गटारापुरतं नसतं. एका लहान गावाच्या नगरपालिकेतल्या या अंतराने महाराष्ट्राचा इतिहास बदलला आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले, यांनी मुंबई विधान परिषदेत ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला.

कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं दलित समाजातल्या कोणाला तिथे पाणी भरता आलं नाही. गावातल्या वरच्या जातींचा विरोध होता आणि नगरपालिकेने ठराव अमलात आणण्यासाठी काही केलं नाही. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. नगरपालिकेने स्वतःच जे मान्य केलं होतं, ते लोकांनी अमलात आणलं. त्याची शिक्षा म्हणून त्यांच्यावर हल्ले झाले.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी न्यायालयातून मनाई आणली. हा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. वादी म्हणतात ती जुनी रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. साल होतं १९३७. ठरावापासून १३ वर्षं.

नगरपालिकेच्या ठरावाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या घटनेत दिसतात. ठराव होता म्हणून लोकांना सांगता आलं की आम्ही मागतोय ते तुमच्याच दप्तरात लिहिलेलं आहे. आणि ठराव अमलात आणायला कोणी बांधील नव्हतं म्हणून तो तीन वर्षं नुसता कागद राहिला. आपल्या गावात आज कुठला ठराव असा पडून आहे, हे कोणी शोधायचं?

पैसा येतो कुठून?

ठराव अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पैसा. म्हणून तिजोरीतही डोकावू.

पूर्वी नगरपालिकांचं मोठं उत्पन्न होतं जकात. गावाच्या वेशीवर नाका असायचा. महाराष्ट्रात १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून सहायक अनुदान येऊ लागलं. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा आधार आज तेच आहे. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा होतात आणि सफाई कामगार आंदोलनाला बसतात, हे त्यामागचं गणित.

गावाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, ज्याला आपण घरपट्टी म्हणतो, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी, बांधकाम परवान्यांचं शुल्क. घरपट्टी कशी ठरते? भाडेमूल्यावर आकारणी असेल तर, समजा, तुमच्या घराला महिन्याला २,००० रुपये भाडं येऊ शकतं असं धरलं. वर्षाचे झाले २४,०००. दुरुस्तीसाठी त्यातून १० टक्के वजा होतात, राहिले २१,६००. परिषदेचा दर समजा २० टक्के, तर कर ४,३२० रुपये. बिलात याशिवाय शिक्षण कर, रोजगार हमी कर अशा ओळी असतात. ते पैसे परिषद फक्त गोळा करते, जातात राज्य सरकारकडे.

दर चार वर्षांनी आकारणीची नवी यादी तयार होते. तेव्हा नोटीस निघते आणि हरकत घ्यायला किमान ३० दिवस मिळतात. आपल्याकडे लोक ही नोटीस बाजूला ठेवतात आणि वाढलेलं बिल हातात आलं की मोर्चा काढतात. हरकतीचे दिवस मोर्चाच्या दिवसांपेक्षा जास्त उपयोगाचे असतात.

तिसरा पैसा योजनांचा. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून ठेवला होता. म्हणजे परिषदेच्या खात्यात पैसे दिसतात, पण ते तुमच्या रस्त्याला वापरता येत नाहीत. 'पैसे आहेत तरी काम करत नाहीत' हा आरोप कधी खरा असतो, कधी तो पैसाच दुसऱ्या डब्यातला असतो. कुठल्या डब्यात किती आहे हे अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

कमी पैशातही चांगलं काम होतं, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले, लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास. तिथे घराघरातून कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, सुक्याची वर्गवारी, आणि जिथे कचरा टाकला जायचा ती जागा लोक पाहायला येतील अशी झाली. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाण्याची योजना चालवली. जो जास्त पाणी वापरेल त्याला जास्त दर. आणि खुद्द कऱ्हाड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिलं आलं, सासवड दुसरं, लोणावळा तिसरं. मीटरचा किंवा कचरा वेगळा करण्याचा ठराव करायला एक सभा पुरते. तो रोज पाळून घ्यायला वर्षं लागतात. या गावांनी ती दिली.

सभाच नसते तेव्हा

आता अलीकडची गोष्ट. घटनेप्रमाणे परिषदेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, प्रभागरचना बदलत राहिली आणि निवडणुका लांबल्या. बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती २०२१ च्या अखेरीपासून संपत गेल्या. तिथे प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान झालं. कितीतरी गावांनी तीन ते चार वर्षं नगरसेवकांशिवाय काढली.

या काळात काही ठिकाणी कामं भराभर झाली, हे मान्य करायला हवं. भांडणं नाहीत, तहकुबी नाही, एका सहीवर मंजुरी. पण मघाच्या पायऱ्या आठवा. प्रस्ताव मांडणारं कार्यालय आणि तो मंजूर करणारा अधिकार एकाच खुर्चीत आले. विषयपत्रिका वाटली जात नव्हती, कोणी उठून 'हा ठेका तिसऱ्यांदा मुदतवाढीला का आला?' असं विचारत नव्हतं. ठराव होत होते, पण ते कोणापुढे मोठ्याने वाचले जात नव्हते.

सभेचा खरा उपयोग हाच आहे. नगरसेवक फार हुशार असतात म्हणून सभा हवी असं नाही. चार लोकांसमोर कारण सांगावं लागतं, म्हणून हवी. सभेत आरडाओरडा होतो, राजदंड पळवला जातो, हे सगळं खरं. तरीही विरोधी बाकावरचा एक अभ्यासू नगरसेवक गावाचे लाखो रुपये वाचवू शकतो, कारण त्याचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला जातो.

आता सभा परत सुरू झाल्या आहेत. चार वर्षांत आपली सवय मोडली आहे, ती लावून घ्यायला हीच वेळ आहे.

तुम्ही काय करू शकता?

चार प्रश्न पाठ करा. कुठल्याही कामाबद्दल हे विचारा.

१. माझ्या अर्जाचा आवक क्रमांक काय आणि तो आता कुठल्या टेबलावर आहे?

२. या कामासाठी तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे?

३. ठराव क्रमांक आणि तारीख काय?

४. कार्यादेश कधी दिला आणि मोजमाप पुस्तिकेत किती काम नोंदलं आहे?

उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. कायदा २००५ चा, महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'गटाराचं काय झालं?' असं विचारू नका, ती तक्रार होते. 'अमुक ठरावाची प्रत, कार्यादेशाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत मिळावी' असं लिहा. मागणी कागदाची केली की उत्तर कागदाने द्यावं लागतं. कार्यालयात जाऊन दप्तर पाहण्याची मागणीही याच कायद्याने करता येते.

दाखल्यांसाठी वेगळी वाट आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे अनेक ठिकाणी जन्म दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, तेव्हा नाव आणि स्पेलिंग घरी आणल्याबरोबर तपासा. दाखला वेळेत मिळाला नाही, तर महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेची मुदत ठरलेली असते आणि अपील करता येतं. मध्य प्रदेशात असाच लोकसेवा हमी कायदा २०१० पासून आहे, कर्नाटकात 'सकाल' आहे. गावाबाहेर राहणाऱ्या पण गावी घर असणाऱ्या आपल्या लोकांना हे विशेष उपयोगी, कारण यातलं बरंच काम आता ऑनलाइन होतं.

आणि शेवटचं, सगळ्यात सोपं काम. तुमच्या गावाची पुढची सर्वसाधारण सभा कधी आहे ते विचारा. विषयपत्रिकेची प्रत मागा. दोघं-तिघं मिळून जा आणि मागच्या बाकावर बसा. काही बोलायची गरज नाही. ऐनवेळच्या विषयांच्या वेळी गावातली तीन माणसं वही घेऊन बसलेली दिसली, की ते विषय जरा सावकाश वाचले जातात.

पुढच्या भागात आपण अंदाजपत्रकाची पुस्तिका उघडणार आहोत आणि ती ओळीओळीने वाचायला शिकणार आहोत. तोपर्यंत आपल्या नगरपरिषदेतून चालू वर्षाच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळवून ठेवा. ती समोर असेल तर पुढचा भाग तुमच्या गावाबद्दलचा होईल.